वाचकांचे प्रश्न : जिवाणूची नवी जाती ठरते कशी?

प्रश्न : डॉ. जयंत नारळीकर यांच्या निधनानंतर त्यांच्या कार्याविषयी पुष्कळ लेख वाचनात आले. त्यांपैकी एका लेखात असा उल्लेख होता, की इस्रोच्या बलूनने फार उंचावरून आणलेल्या हवेत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या आणि त्यांतील एकीला आर्यभटाचे नाव देण्यात आले. माझ्या नातवाने मात्र मोबाइलवर शोधून सांगितले, की ती जाती वेगळी नसल्याचे काही संशोधकांनी पुढे दाखवून दिले आहे. मग जिवाणू नवा आहे हे ठरवतात तरी कशावरून, आणि एकदा ठरलेले मागे कसे घेतले जाते? (एक निवृत्त शिक्षक, कराड)

उत्तर : लेखातील उल्लेखही बरोबर आहे आणि नातवाने शोधलेले उत्तरही. आधी तो प्रयोग थोडक्यात सांगतो. २००५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील बलून केंद्रातून एक प्रचंड बलून सोडण्यात आला. त्याला टांगलेल्या उपकरणात निर्जंतुक आणि निर्वात केलेल्या सोळा पोलादी नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवून ठेवल्या होत्या. त्या इतक्या थंड होत्या, की झडप उघडताच बाहेरची विरळ हवा आत ओढली जाऊन तेथेच गोठत असे. अशा रीतीने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवा खाली आणण्यात आली आणि तिचे नमुने दोन प्रयोगशाळांनी, म्हणजे हैदराबादच्या सीसीएमबीने (पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने) आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राने, स्वतंत्रपणे तपासले. प्रकल्पाचे मुख्य अन्वेषक नारळीकर होते. जिवाणूंच्या बारा वसाहती वाढल्या. त्यांपैकी नऊ ओळखीच्या जातींशी जुळल्या आणि तीन जुळल्या नाहीत. मार्च २००९ मध्ये या तिघांची नावे जाहीर झाली : नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉयल यांच्या नावावरून जॅनिबॅक्टर हॉयली, इस्रोवरून बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि आर्यभटावरून बॅसिलस आर्यभट्टाय.

बातम्यांमधून त्या वेळी 'नवी जाती' याचा अर्थ 'पृथ्वीवर नसलेली जाती' असा पसरला. इस्रोच्या निवेदनात मात्र हे जिवाणू पृथ्वीबाहेरचे असल्याचे या अभ्यासातून सिद्ध होत नाही, असे स्पष्ट म्हटले होते. ते वाक्य फारसे कोणी छापले नाही. वर्गीकरणशास्त्रात नवी जाती याचा अर्थ एवढाच असतो, की आजवर ज्यांचे रीतसर वर्णन झाले आहे अशा कोणत्याही जातीत हा जिवाणू सध्याच्या निकषांनुसार बसत नाही. या व्याख्येत दोन गोष्टी बदलत्या आहेत : वर्णन झालेल्या जातींची यादी आणि निकष. जिवाणूंच्या रीतसर नोंदल्या गेलेल्या जातींची संख्या आज वीस हजारांच्या वर आहे, आणि निसर्गात असणाऱ्या जातींच्या मानाने ती अगदीच किरकोळ आहे.

निकष कोठून आले हे पाहण्याजोगे आहे. प्राण्यांमध्ये जाती ओळखताना त्यांचा आपसांत संकर होऊन प्रजननक्षम संतती होते का, हे पाहता येते. जिवाणू दुभंगून वाढतात, शिवाय अगदी दूरच्या नात्यातील जिवाणूंकडूनही जनुके उचलतात, त्यामुळे ही कसोटी त्यांना लावताच येत नाही. म्हणून प्रत्येक जातीचा एक जिवंत नमुना, ज्याला टाइप स्ट्रेन म्हणतात, तो कल्चर कलेक्शनमध्ये कायमचा जतन करायचा आणि नव्याने सापडलेला जिवाणू त्याच्याशी ताडून पाहायचा, अशी पद्धत रूढ झाली. जाती म्हणजे त्या टाइप स्ट्रेनभोवती संमतीने आखलेली एक हद्द असते. आर्यभट्टायचा टाइप स्ट्रेन बी८डब्ल्यू२२ या क्रमांकाने ओळखला जातो.

हद्द किती अंतरावर आखायची, याचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांत अनेकदा बदलले. पूर्वी आकार, ग्रॅम रंजनाचा (पेशींना रंग देऊन पाहण्याच्या चाचणीचा) निकाल, कोणती शर्करा पचते, कोणत्या तापमानाला वाढ होते, अशा गुणांवर भिस्त होती. १९७७ साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोम या प्रथिने बनवणाऱ्या पेशीघटकातील १६ एस आरएनएच्या तुलनेवरून आर्किया हा जीवांचा स्वतंत्र गट असल्याचे दाखवले, आणि त्यानंतर या आरएनएचे सुमारे पंधराशे अक्षरांचे जनुक जिवाणूंच्या ओळखीचे मुख्य साधन बनले. ते सर्व जिवाणूंमध्ये असते, फार सावकाश बदलते आणि त्याचे काही भाग सर्वत्र जवळजवळ सारखे असल्यामुळे कोणत्याही अनोळखी जिवाणूतून ते सहज वाचता येते. १९९४ साली असा संकेत मांडण्यात आला, की या जनुकातील साम्य ९७ टक्क्यांहून कमी असेल तर जाती निश्चितच वेगळी. पुढे अधिक माहिती जमल्यावर ही रेषा वर सरकली आणि आज ९८.६५ टक्के हा आकडा सर्रास वापरला जातो. पंधराशे अक्षरांत तो सुमारे वीस अक्षरांचा फरक होतो.

साम्य या रेषेच्या वर असले म्हणजे जाती एकच, असे मात्र म्हणता येत नाही. अँथ्रॅक्सचा जिवाणू आणि शिळ्या भातातून विषबाधा करणारा बॅसिलस सेरियस यांचे हे जनुक जवळजवळ एकसारखे आहे. अशा ठिकाणी संपूर्ण जनुकसंच ताडावा लागतो. १९८७ साली ठरलेल्या निकषानुसार दोन जिवाणूंचे डीएनए तापवून त्यांचे धागे सुटे करायचे, ते एकत्र मिसळून थंड होऊ द्यायचे आणि परक्या धाग्यांची आपसांत किती जोडी जमते ते मोजायचे. ७० टक्के किंवा अधिक जमली तर जाती एकच. हा प्रयोग करणाऱ्यांना त्याचा त्रास ठाऊक आहे. मिठाचे प्रमाण किंवा तापमान थोडे इकडेतिकडे झाले तरी आकडा बदलतो, एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीशी जुळेलच असे नाही, आणि प्रत्येक नव्या तुलनेसाठी दोन्ही जिवाणू पुन्हा वाढवावे लागतात. संपूर्ण जनुकसंच वाचणे स्वस्त झाल्यावर हीच तुलना संगणकावर होऊ लागली. दोन जनुकसंचांतील समान भागांचे सरासरी साम्य, म्हणजे एएनआय, ९५ ते ९६ टक्क्यांच्या वर असेल तर ते जुन्या ७० टक्क्यांशी समतुल्य मानतात.

आर्यभट्टायच्या बाबतीत जे घडले ते याच बदलामुळे. २००९ मध्ये त्या काळच्या निकषांनुसार त्याला जवळच्या नातलगापासून, म्हणजे १८८४ साली वर्णन झालेल्या बॅसिलस मेगॅटेरियमपासून, वेगळे धरण्यात आले. २०१९ मध्ये दुसऱ्या गटाने दोन्ही टाइप स्ट्रेनचे संपूर्ण जनुकसंच ताडले, आकडे जातीच्या हद्दीच्या आत आले, आणि आर्यभट्टाय हे मेगॅटेरियमचेच नंतरचे नाव समजावे, असे त्यांनी सुचवले. गोष्ट येथे संपत नाही. २०२० मध्ये आणखी एका गटाने अवाढव्य वाढलेल्या बॅसिलस प्रजातीची, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची, फोड केली आणि मेगॅटेरियम व आर्यभट्टाय या दोघांनाही प्रिस्टिया या नव्या प्रजातीत हलवले, तेही स्वतंत्र जाती म्हणून. म्हणजे आज दोन्ही मते छापील आहेत. नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता यांत निवाडा करत नाही. नाव नियमाप्रमाणे प्रसिद्ध झाले आहे की नाही, एवढेच ती पाहते. जाती खरोखर वेगळी आहे का, हे शास्त्रीय मत राहते आणि ज्याला जे पुरावे पटतील त्याने ते नाव वापरावे. इस्रोनेन्सिसही आता बॅसिलसमध्ये नाही, २०१६ मध्ये तो सॉलिबॅसिलस प्रजातीत गेला. वर्तमानपत्रांना ही उलथापालथ लाजिरवाणी वाटते. माझ्या मते, ज्या शास्त्रात टाइप स्ट्रेन बाटलीत जपून ठेवलेला आहे आणि कोणीही तो मागवून पुन्हा तपासू शकतो, तेथे असे होत नसते तरच काळजीचे होते.

आर्यभट्टाय म्हणून ओळखले गेलेले वाण नंतर शेतजमिनीत आणि पिकांच्या मुळांशी कितीतरी ठिकाणी सापडले आहेत. तेव्हा त्या उंचीवर तो पोहोचला कसा, हा प्रश्न रंजक आहे, पण तो कोठला, याचे उत्तर पायांखालच्या मातीत असण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : मी बुलडाणा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते. लोणार सरोवराच्या गाळातून वेगळ्या केलेल्या एका जिवाणूचे १६ एस जनुक आम्ही बाहेरून वाचून घेतले. ब्लास्टमध्ये, म्हणजे जनुकक्रम ताडून पाहण्याच्या ऑनलाइन साधनात, सर्वांत जवळचे साम्य ९७.९ टक्के आले. आमचे सर म्हणतात, ही नवी जाती असणार. पुढे काय करावे? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : ९७.९ टक्के हा आकडा मोहात पाडणारा आहे, आणि म्हणूनच आधी त्याच्यावर संशय घ्यावा. प्रयोगशाळेने तुम्हाला अक्षरांच्या फाइलबरोबर रंगीत शिखरांचा आलेख पाठवला असेल, तो उघडून पाहा. एका बाजूने वाचलेला तुकडा साधारण सातशे-आठशे अक्षरांपर्यंतच विश्वासार्ह असतो. सुरुवातीची काही अक्षरे आणि शेवटचा भाग यांत शिखरे बुटकी होऊन एकमेकांत मिसळतात आणि यंत्र तेथे अंदाजाने अक्षर लिहिते. सातशे अक्षरांच्या तुकड्यात अशी पंधरा अक्षरे चुकली, की साम्य दोन टक्क्यांनी घसरते आणि ओळखीचा जिवाणू नवा वाटू लागतो. शेपटे कापा, दोन्ही बाजूंनी वाचून तुकडे जोडा आणि चौदाशेच्या वर अक्षरांचा सलग क्रम मिळवा. आलेखात जागोजाग एकाखाली एक अशी दोन शिखरे दिसत असतील, तर तुमच्या नळीत दोन जिवाणू आहेत, किंवा एकाच जिवाणूत या जनुकाच्या थोड्या वेगळ्या प्रती आहेत. पहिली शक्यता बहुतेक वेळा खरी ठरते. वेगळी दिसणारी एकच वसाहत उचलून पुन्हा पुन्हा ताज्या प्लेटवर रेषा ओढा आणि सर्व वसाहती एकसारख्या येतात याची खात्री होईपर्यंत थांबू नका.

दुसरी गोष्ट, ब्लास्टच्या यादीत वरच्या ओळींत कोणाची नावे आहेत ते नीट पाहा. तेथे कोणीही कोणत्याही नावाने क्रम जमा करू शकतो, आणि 'न वाढवलेला जिवाणू' अशा शीर्षकाचे क्रमही खोऱ्याने मिळतात. तुम्हाला तुलना हवी आहे ती फक्त टाइप स्ट्रेनशी, आणि त्यासाठी ईझेडबायोक्लाउडसारखा निवडक संग्रह वापरावा. लोणारच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण या सरोवरातून अनेक जातींचे वर्णन आधीच झाले आहे. २०१२ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी ब्रिटिश आणि रशियन सहकाऱ्यांसह वर्णिलेला मिथायलोफॅगा लोनारेन्सिस हे त्यांपैकी एक उदाहरण. तुमच्या जिवाणूचा सर्वांत जवळचा नातलग याच काठावरचा असण्याची दाट शक्यता आहे.

तिसरा प्रश्न तुम्ही पत्रात लिहिलेला नाही, पण मी विचारतो : माध्यम कोणते वापरले? लोणारच्या पाण्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास असतो. साध्या न्यूट्रियंट अगारवर, सामू सातला, जे वाढते त्यात काठावरच्या मातीतून, पक्ष्यांच्या विष्ठेतून किंवा झऱ्याच्या गोड्या पाण्यातून आलेले पाहुणेच जास्त असतात. सरोवराचे खरे रहिवासी हवे असतील तर मिठाचे योग्य प्रमाण आणि सोडियम कार्बोनेट घालून सामू साडेनऊ ते दहापर्यंत न्यावा लागतो. कार्बोनेटचे द्रावण वेगळे निर्जंतुक करून, माध्यम कोमट झाल्यावर मिसळावे. सगळे एकत्र ऑटोक्लेव्ह केले तर माध्यम तपकिरी पडते आणि तळाशी साका बसतो. तुमचा जिवाणू सामू सातला वाढतो का, दहाला वाढतो का, मिठाशिवाय तग धरतो का, हे तक्त्यात नोंदवा. वर्णनात हा तक्ता लागणारच आहे.

एवढे करूनही साम्य ९८.६५ टक्क्यांच्या खाली राहिले, तर संपूर्ण जनुकसंच वाचून घ्या आणि जवळच्या सर्व टाइप स्ट्रेनशी एएनआय काढा. नव्या जातीच्या दाव्यासाठी जनुकसंच आता अपेक्षितच असतो. त्यानंतर शरीररचनेचा भाग येतो : पेशीपटलातील मेदाम्ले, क्विनोने, ध्रुवीय मेदद्रव्ये. यांतील मेदाम्ले फार लहरी असतात. तापमान, माध्यम आणि कल्चरचे वय बदलले की त्यांचे प्रमाण बदलते, म्हणून जवळच्या जातींचे टाइप स्ट्रेन मागवून ते तुमच्या जिवाणूच्या शेजारी, त्याच माध्यमावर, त्याच दिवशी वाढवून तपासावेत. दुसऱ्याच्या शोधनिबंधातील आकडे उचलून शेजारी मांडणे ही परीक्षकाला सर्वांत आधी दिसणारी उणीव आहे. शक्य असेल तर गाळाच्या दुसऱ्या नमुन्यातून याच जातीचा आणखी एखादा वाण मिळवा. एकाच वाणावर आधारलेल्या जाती पुष्कळ आहेत, पण जातीच्या अंगचा गुण कोणता आणि त्या एका वाणाची लकब कोणती, हे एकावरून कळत नाही.

सर्वांत जास्त वेळ खाणारी पायरी मात्र कागदपत्रांची आहे. संहितेनुसार टाइप स्ट्रेन निदान दोन वेगवेगळ्या देशांतील कल्चर कलेक्शनमध्ये जमा असावा लागतो आणि तो कोणालाही मागवता आला पाहिजे. पुण्यातच राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, चंडीगडला एमटीसीसी हा जिवाणूसंग्रह आहे. दुसरा नमुना परदेशी संग्रहात द्यावा लागेल. जैवविविधता अधिनियम, २००२ प्रमाणे नव्या जातीचा नमुना देशातील नेमून दिलेल्या संग्रहात देणे बंधनकारक आहे, आणि नमुना परदेशात पाठवण्यापूर्वी त्या कायद्याखालील अटी तपासाव्यात. शिवाय लोणार हे अभयारण्य आहे. गाळ घेताना वनखात्याची परवानगी घेतली होती का, ते आजच सरांना विचारा, कारण परवानगीचा कागद नंतर मागे तारीख घालून मिळत नाही. हे सर्व झाल्यावर वर्णन सूक्ष्मजीवांच्या वर्गीकरणाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून यावे लागते. ते अन्यत्र छापले तर त्या नियतकालिकाच्या मान्यता-यादीत नाव समाविष्ट झाल्यावरच ते वैध ठरते.

एम.एस्सी.च्या मुदतीत हे सर्व होणार नाही. शुद्ध कल्चर ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा, त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या फ्रीजमध्ये ठेवा, आणि प्रबंधात 'संभाव्य नवी जाती' एवढेच लिहा.

प्रश्न : आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये जुलाबाच्या रुग्णांच्या अहवालात ई. कोलाय आणि शिगेला वेगवेगळे लिहितो. जनुकांवरून हे दोन्ही एकच आहेत, असे एका व्याख्यानात ऐकले. मग नाव का बदलत नाहीत? (एक तंत्रज्ञ, नांदेड)

उत्तर : व्याख्यानात ऐकलेले खरे आहे. वर सांगितलेला एएनआयचा निकष काटेकोर लावला, तर शिगेलाच्या जाती ई. कोलायच्या हद्दीत येतात. किंबहुना शिगेला हा एकच वंशही नाही, ई. कोलायच्या वेगवेगळ्या शाखांनी आतड्याच्या पेशींत घुसण्याची जनुके मिळवली आणि त्यांतून आपण ज्यांना शिगेला म्हणतो ते जिवाणू वेगवेगळ्या वेळी निर्माण झाले. तरीही नावे ठेवली आहेत, कारण डॉक्टरच्या दृष्टीने अहवालावरील 'शिगेला' हा शब्द रक्ती हगवण, तिचा झपाट्याने होणारा प्रसार आणि त्यानुसार उपचार सुचवतो, तर आतड्यात मुळातच राहणाऱ्या ई. कोलायच्या नावाने तसा इशारा मिळत नाही.

प्लेगच्या जिवाणूबाबत हाच प्रश्न अधिक टोकदार झाला. यर्सिनिया पेस्टिस हा जनुकीयदृष्ट्या यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिसपासून फार अलीकडे फुटलेला फाटा आहे, म्हणून त्याला त्या जातीची उपजाती करावी असा प्रस्ताव आला होता. नामकरणाच्या न्यायिक आयोगाने १९८५ मध्ये ते नाव फेटाळले, कारण लांबलचक नावाच्या शेपटाला 'पेस्टिस' गेले, तर प्रयोगशाळेत गफलत होऊन जीव जाऊ शकतो. आरोग्याला धोका निर्माण करणारी नावे नाकारण्याची तरतूद संहितेत आहे. १८९६-९७ च्या प्लेगची आठवण ज्या मुंबई-पुण्याने पिढ्यान्पिढ्या सांगितली, तेथील वाचकांना हा निर्णय पटवून द्यावा लागणार नाही. तुम्ही अहवालात आहे तसेच लिहीत राहा.

प्रश्न : नवा जिवाणू शोधला तर त्याला आजीचे किंवा गावाचे नाव देता येते का? (इयत्ता नववीतील एक वाचक, चिपळूण)

उत्तर : गावाचे नाव सहज देता येते. त्याला लॅटिन वळण द्यावे लागते, जसे लोणारचे लोनारेन्सिस झाले. व्यक्तीचेही नाव चालते, मात्र ते सहसा त्या विषयात काम केलेल्या व्यक्तीचे असावे, अशी अपेक्षा असते. स्वतःचे नाव स्वतःच ठेवणे शिष्टसंमत मानले जात नाही. आजी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ असतील तर काहीच अडचण नाही. नाव विचारपूर्वक ठेवावे, कारण एकदा वैधपणे प्रसिद्ध झालेले नाव केवळ चुकीचे किंवा गैरलागू वाटते म्हणून बदलता येत नाही. १८९२ साली रिचर्ड फायफर यांना इन्फ्लुएंझाच्या रुग्णांत एक जिवाणू सापडला आणि तोच या रोगाचे कारण असावा असे त्यांना वाटले. पुढे १९३३ मध्ये माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा करण्यात आला, पण त्या जिवाणूचे नाव आजही हिमोफिलस इन्फ्लुएंझी असेच आहे, आणि लहान मुलांना देतात त्या हिब लशीच्या नावातील 'इ'ही तेथूनच आला आहे.